नाकाचा कौल

घरात कुत्रा आणायचा की नाही
हे माझ्या नाकावर ठरणार होतं.
सत्तावन्न वर्षांत त्याला एवढा मान
कधी मिळाला नव्हता.
बघायला आलेली दोन्ही स्थळं तर
त्याच्यावरूनच परत गेली होती.

अलकापुरीतल्या डॉक्टरांनी हातावर ओळीने टोचलं:
धूळ, पराग, झुरळ, मांजर, कुत्रा.
वीस मिनिटांत कुत्र्याच्या जागी गांध उठली,
जुन्या चार आण्याएवढी.
शाल्मलीने कंपासमधली पट्टी आणली होती.
"आत्या, मांजराची मोठी आहे,"
ती म्हणाली,
जणू मी काठावर पास झाले होते.

डॉक्टर म्हणाले, केसांचा दोष नाही हो,
लाळ असते, कातडीचा कोंडा असतो.
ज्याचा कुणालाच त्रास नाही असा कुत्रा
अजून जन्माला यायचाय.
मला माणसंही तशी आठवेनात.

तरी श्रीरंगने यादी केली, केस न गळणाऱ्यांची.
आमची हेतल रागावली की मराठीत बोलते,
काळजीत असली की गुजरातीत.
किमती ऐकून तिने दोन्ही भाषा मिटल्या.

मांजलपूरला पारेखांच्या फ्लॅटमध्ये
पिंजाऱ्याकडून उचलून आणल्यासारखा पूडल
माझ्या मांडीवर ठेवला.
सगळे माझ्याकडे बघत बसले,
गॅसवरच्या दुधाकडे बघतात तसे.
अकराव्या मिनिटाला
मी उतू गेले.

मग ठरलं, कुत्र्याआधी त्याचा वास आणायचा.
छाणीच्या पुढे एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळतात.
तिथून शाल्मली त्यांचे टॉवेल आणायची,
पिशवीला गाठ, गाठीला नावाची चिठ्ठी.
लोक उशाखाली अंगारा ठेवतात, चाकू ठेवतात.
मी राजा ठेवला, भुऱ्या ठेवला.
सकाळी चहाच्या आधी ती दारात:
"किती?"
राजाच्या नऊ, शिवाय डोळे.
भुऱ्याला पंप घ्यावा लागला.
तिसरा टॉवेल राखाडी, कडा कुरतडलेल्या.
जाग आली तेव्हा ऊन पायांपर्यंत आलेलं.
"दोन," मी म्हटलं,
"त्यातली एक फोडणीची."

पाच होत्या.
तीन उशीत दाबल्या.

या घरात फ्रीज आला, सोफा आला, हेतल आली,
सगळं मला दाखवलं गेलं, आनंदाने, पेढे देऊन.
विचारायला म्हणून दारात
पहिल्यांदाच कुणी उभं होतं,
वेणी अर्धी घातलेली, हातात रकान्यांची वही.
विचारणाऱ्याला रोज नाही म्हणवत नाही.

ती आली. सहा वर्षांची, गावठी,
एक कान सरळ, एक पडीक.
नाव तिकडेच पडलेलं: मणी.
हेतलच्या मामी मणीबेन,
म्हणून माहेरच्या फोनवर
तिला नुसतं 'पेली' म्हणायचं असतं.

गालिचा माळ्यावर गेला.
रविवारी आंघोळ, तिला श्रीरंग घालतो
आणि जास्त भिजतो तो.
मला रात्री गोळी, सकाळी मीठ-पाण्याने नाक,
आणि माझ्या खोलीत तिला बंदी,
लाल पेनाने, दोन रेघा मारून.
बंदी मी पाळते. बहुतेक.
दुपारी घरात कुणी नसताना
तिचा पडका कान बोटांनी सरळ करून बघते,
मग साबणाने कोपरापर्यंत हात धुते,
चोरी करून आल्यासारखे.

रात्री दार बंद.
खालच्या फटीशी तिचं नाक येतं, हुंगतं,
थांबतं, परत हुंगतं.
बाम, गोळीचं पाकीट, कपाटातल्या घडीच्या साड्या,
या बाईचं किती सोसवेल
याचा तीही अंदाज घेत असेल.

मी शिंकते.
बाहेर शेपूट फरशीवर आपटते,
एकदा,
मग जरा वेळाने
अजून एकदा.