माणूसपणाचा रकाना

वडगावात, भरमाण्णाच्या मागावरच्या माळ्यावर
रविवारी आम्ही पाच जण बसतो.
खाली चार पॉवरलूम. आज बंद,
तरी फरशी थरथरल्यासारखी वाटते,
सवयीनं.

नवा खेळ. साल एकवीसशे ब्याण्णव.
किल्ल्याच्या खंदकात निळा उजेड साचलेला,
यक्ष राहतात वायरींमध्ये,
आणि सीमा रोज रात्री जागा बदलते.
सकाळी उठून बघायचं
आपण कुठल्या बाजूला उजाडलो.
"हे सगळं तू बनवलंस?"
"अर्धंच," वीणा मुदलगी म्हणाली.
खेळ तीच चालवते.

मला मिळाला एक कोरा कागद, रकान्यांचा.
शक्ती. चपळाई. मंत्रबळ. उधारी.
फासा वीस बाजूंचा, पितळेचा,
दस्तगीरनं उद्यमबागेत मशीनवर कापलेला
जेवणाच्या सुट्टीत, उरल्यासुरल्या तुकड्यातून.
एक बाजू जरा जास्त घासली गेली,
म्हणून सात जरा जास्त पडतो.
माझी शक्ती सात. चपळाई सात.
मंत्रबळ एकोणीस!
दस्तगीरनं फासा उचलून खिडकीशी धरला,
स्वतःच्याच हातावर संशय घेत.

भाषा दोन फुकट,
पुढच्या प्रत्येकीला एक गुण मोजायचा.
इथं आम्ही हसलो.
मराठी, कन्नड, डोमनिकच्या घरची कोंकणी,
दस्तगीरची ती दखनी, जिला तो उर्दू म्हणतो,
बँकेतल्या साहेबाशी हिंदी.
खडेबाजारात शेंगा विकणारी म्हातारीसुद्धा
या हिशेबानं कर्जात जाईल की.

माझं पात्र बाई आहे. विणकर. वय एक्केचाळीस.
सूत नव्हे, ती मेलेल्यांचे आवाज विणते,
तारेत अडकून राहिलेले.
पदराखाली धरून त्या हलत्या रेषेपार नेते,
ज्याचा त्याला पोचवते.
उजवा हात लोखंडी. बोटं धोट्यासारखी.
सहज लिहून गेलो मी, लोखंडी.

"मग माणूसपणातून आठ वजा कर."
नियमच तसा. जेवढं लोखंड आत
तेवढा माणूस बाहेर.
शून्यावर आलास की कागद वीणाकडे जमा.

पेन्सिल धरली. आठ.
मग ठेवली.

माझ्या बाबांची दोन बोटं प्रेसमध्ये राहिली,
मच्छे, दोन हजार तीन, दुसरी पाळी.
तिसऱ्या महिन्यात कंपनीनं रबरी बोटं दिली.
तो रंग आमच्या घरात कुणाचाच नव्हता.
लग्नाला जाताना तेवढी लावायचे,
अक्षता डाव्या हातानं टाकायचे.
एकदा मी तापानं फणफणलो असताना
त्याच बोटांनी माझं कपाळ बघितलं,
काही कळेना,
हसले,
हात बदलला.

"आठ कुठून वजा करू?" मी विचारलं.

जिन्यात चहाची किटली कुणीतरी ठेवून गेलं.
वीणानं पान उलटलं, परत उलटलं.
"नियम काढला तर भीतीच उरणार नाही खेळात."
तिचंही खरं होतं.
डोमनिक बिस्किट बुडवत म्हणाला,
"मग ज्यानं हात विकला, त्याचे वजा कर. कंपनीचे."
"कंपनीला तो रकानाच नाही."
"मग आख की," दस्तगीर म्हणाला.

पट्टी नव्हती. भरमाण्णानं धोटा दिला,
त्याच्या कडेनं तिनं रेघ मारली, जराशी वाकडी.
कंपनीच्या नावानं फासा टाकला.
सात.
त्यातून आठ गेले.
बराच वेळ कुणी बोललं नाही,
मग भरमाण्णा असा हसला
की खालचं कुत्रं भुंकलं.

"आय्तु," वीणा म्हणाली, "आता हेसरेनु?"
नाव. तेवढंच सुचेना मला.
"पुढच्या रविवारी सांगतो."
"तोवर ती रेषेवर बिननावाची उभी राहील."
"राहू दे. इथलीच आहे,
सवय असेल तिला."