सहाशे चाळीस भागांचे तीन तास

वडगावात माग रात्री अकराला थांबतात,
मग माझा कॉम्प्युटर ऐकू येतो.
दिवसा लग्नं जोडतो,
शहापूरची, अनगोळची, येळ्ळूरची,
नवरीच्या डोक्यावर पाकळ्या
पार्टी मागेल त्या रंगाच्या.
रात्री मालिका कापतो.

संपून सात वर्षं झाली तिला.
कुणाला पडलेली नाही, मला पडलीय.
पहिले नव्वद भाग यमुना नीट लिहिलेली होती:
हिशेब ठेवायची, कमी बोलायची,
चिडली की भांडी अजिबात न वाजवता घासायची.
मग कुणीतरी ठरवलं, बाई रडली की लोक बघतात.
रडवली, पाचशे पन्नास भाग.

आधी विजा काढल्या.
मग एकच तोंड तीनदा जवळ येतं, ते.
मेलेला दीर दुसरा चेहरा लावून परत आला,
त्याला येऊच दिला नाही.
दोन अपहरणं, एक स्मृतिभ्रंश,
साडेचार महिने हरवलेलं एक मंगळसूत्र.
कात्री एवढंच करते.
जे शूट झालं नाही
ते माझ्या बापाच्यानंही आणवत नाही.

भाग दोनशे सातला अडलो.
नवरा हात उगारतो, ती म्हणते, "नको."
मान खाली.
तिथून पुढं सगळी गोष्टच खाली मान घालून चालते.
चार रात्री त्या एका सेकंदावर बसून काढल्या.

इराण्णा केबलवाला म्हणाला,
कन्नडमध्ये पण लागायची की ती, दुपारी, डब केलेली,
आमच्या अव्वासाठी उतरवून ठेवलीय.
पेनड्राइव्ह आणून दिला.
कन्नड यमुनेला आवाज कुणी दिला, नाव कुठंच नाही.
ती बाई त्याच सेकंदाला म्हणते,
"साकु."

नको म्हणजे हात जोडणं.
साकु म्हणजे पुरे झालं, हात खाली घे.
को आणि कु, ओठ सारखेच गोल होतात.
एक फ्रेम सरकवली, बसलं.
खाली घातलेली तीच मान
आता जमीन बघतेय असं वाटतं,
कुठून निघायचं त्याचा अंदाज घेत.

तेवढा एकच शब्द घेणार होतो.
खरं मग राग सगळाच त्या बाईच्या आवाजात गेला.
हिशेब मराठीत, माहेर मराठीत,
देवाशी भांडण कन्नडमध्ये.

पुण्याच्या एकानं बघून कळवलं,
तुमच्या फाइलमध्ये ऑडिओ फॉल्ट आहे.
आमच्या गल्लीत अकरा जणांनी बघितली.
मालूमावशीला मुद्दाम विचारलं,
तर म्हणाली, "कन्नड? कधी बोलली ती कन्नड?"

मावशीची तक्रार वेगळीच.
"सासू वेणी घालते ते कुठं गेलं?"
काढलं म्हटलं. ती दुष्ट आहे, उगाच गोंधळ होतो.
मावशी कांड्या भरत होती, वर न बघता म्हणाली,
"दुष्टच हाय. खरं त्या दिवशी वेणी घातली होती तिनं."
चाळीस सेकंद परत ठेवले.
तेलाची बोटं, पाठीवर ऊन, कुणी काही बोलत नाही.
आता सासूचा जास्त राग येतो.

शेवट म्हणजे चारशे बाराव्या भागातला मधलाच एक तुकडा:
फाटकाबाहेर यमुना, हातात पिशवी.
मुळात ती कोपऱ्यावरून मागं फिरते,
आणखी दोनशे अठ्ठावीस भाग राबायला.
मी कोपऱ्यावरच अंधार केला.

कल्लव्वा आली होती बघायला,
मागावरून तशीच उठून, केसांत सूत अडकलेलं.
पडदा काळा झाला तशी विचारलं,
"मग कुठं गेली?"
पुढचं शूटच केलेलं नाही, म्हटलं.
थोडा वेळ ती त्या काळ्याकडंच बघत राहिली.
"पोचली असंल," म्हणाली,
आणि अंधारात पायानं चप्पल शोधायला लागली.