नक्कल

पवनी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये
लांजेवार बाबूंनी लाल फडकं सोडलं
आणि दोनदा शिंकले.
कोतवाल पंजी, मौजा बेलघाटी, सन एकोणीसशे सव्वीस.
बोटानं उलटू नका म्हणाले, पान तुटते.
मी पोस्टकार्डानं उलटलं.

पोरीच्या व्हॅलिडिटीसाठी
जातीचा एक शब्द हवा होता.
सापडला :
सोमा वल्द गोंदू, ढिवर.
मुलगा एक. तारीख अकरा.
हा एक म्हणजे माझा आजा.

फडकं बांधता बांधता
मरणाच्या पानावर पुन्हा सोमा.
तारीख चौदा. सोमाची बायको. बाळंतरोग.
खबर देणारा : खुद्द.
तिचं नाव नाही.

म्हणजे दर अकितीला
जिच्या नावानं आम्ही घागर भरतो
ती भागरथी मागून आलेली.
आजा तिलाच माय म्हणत गेला,
त्याला कोणी सांगितलं होतं की नाही
हे कोणत्या रकान्यात पाहू?

‘कोन्ती नक्कल पायजे? जन्माची का मरनाची?’
कमिटीला जन्माचीच लागते.
‘दोन्ही द्या.’

अर्जावर कारण विचारलं होतं.
पहिल्यावर लिहिलं, शिक्षण.
दुसऱ्यावर पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
लांजेवारांनी अर्ज ओढून घेतला,
त्या ठिपक्याशेजारी
कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं.