वजन

मार्चचा दुसरा आठवडा. मेन राज्याच्या वरच्या टोकाला
बर्फ अजून रस्त्याकडेला काळवंडून बसलेलं,
आणि सिनेटची एक खुर्ची रिकामी,
कारण त्या खुर्चीतला माणूस जानेवारीत
गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसला होता
तो बसल्या जागीच गेला.

सकाळी मी शाळेची बस चालवते.
संध्याकाळी पाच ते नऊ इथं,
जुन्या बुटांच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन लावून परक्या स्वयंपाकघरांत शिरते.
‘पोटनिवडणूक आज झाली असती
तर आपण कोणाला मत दिलं असतं?’
आज नाहीये. तरी रोज विचारते.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
पण शितं फोन उचलत नाहीत.
उचलली तर म्हणतात, आत्ताच जेवायला बसलोय.

थेरिओ असेल तर एक दाबायचं, ग्रँटली असेल तर दोन.
माहीत नाही, आठ. सांगणार नाही, नऊ.
मागं कुत्रा भुंकतो, कोणीतरी कोणालातरी
‘तू गप्प बस’ म्हणतं,
त्याला आकडा नाही.

बुधवारी यंत्रानं एक नंबर काढला. यंत्राला काय ठाऊक.
पलीकडे ऑरोर डुबे, वय एक्क्याऐंशी.
बावीसच्या बावीस प्रश्नांना उत्तरं, शांतपणे, फ्रेंच वळणानं.
चौदावा प्रश्न मी वाचून टाकला आणि मग जीभ चावली:
‘मागच्या सिनेटरच्या कामाबद्दल आपण
समाधानी, थोड्याफार समाधानी, की असमाधानी?’

बाई जरा थांबल्या.
‘घरातल्या, की तिकडच्या?’

असा पर्याय नव्हता.
‘थोडीफार लिही,’ म्हणाल्या. ‘तो हसला असता.’

त्याच रात्री नऊला पाच कमी असताना टेव्हिस मिशो.
वय तेवीस. बटाट्याच्या गोदामात,
मागं फोर्कलिफ्ट पी-पी करत उलटी येतेय.
‘टाका कोणालाही.’
कोणालाही टाकता येत नाही, म्हटलं.
‘मग दुसरा. तो दुसरा कोण तो.’
मतदानाला नक्की जाणार, बहुतेक जाणार, की
‘बघू,’ म्हणाला, आणि फोर्कलिफ्ट जवळ आली.

शुक्रवारी लिअँड्रा वजनं लावते.
आमच्याकडं म्हाताऱ्या बायका पोत्यानं,
तरुण पोरं चिमूटभर. म्हणून हिशोब सरळ करायचा.
चारशे दोन माणसांत
ऑरोर डुबे: शून्य पूर्णांक एक्केचाळीस शतांश.
टेव्हिस मिशो: चार पूर्णांक तीन दशांश.

मी पडद्याकडं पाहत राहिले.
एवढी वर्षं त्या खुर्चीमागं उभी राहिलेली बाई
अर्धीसुद्धा भरली नाही.
आणि ज्याचं गोदामाबाहेर कोणाकडंच काही वजन नाही
त्याच्या पाठीवर, त्याला न विचारता,
फोन न उचललेली तीन पोरं आणि वर थोडा एक.

गणित चुकीचं नाही. लिअँड्राची गणितं चुकत नाहीत.

शनिवारच्या पेपरात: ग्रँटली दोन टक्क्यांनी पुढं.
खाली बारीक अक्षरांत, पाच टक्के इकडं तिकडं.
त्या दोनातला एक टक्का
उलट्या येणाऱ्या फोर्कलिफ्टसमोर
‘तो दुसरा कोण तो’ म्हणाला होता.

त्याला कळवावंसं वाटलं. नियम असा की
एकदा लागलेला नंबर परत लावायचा नाही.

मंगळवारी ऑरोर डुबे केंद्र उघडताच गेल्या असतील,
गमबूट घालून. तिथं त्यांना
अख्खी मतपत्रिका मिळाली असणार.
टेव्हिसची पाळी आठला सुटते. केंद्रही आठलाच बंद.

आमच्या भागात मतदान नव्हतं.
मी बस दारात लावली, आरसा नीट केला,
आणि मुलं मोजली. अठ्ठावीस. एकेक.
मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला
तोही धरून.