नाडे एदिरा?

नायनांचा उजवा हात रात्री दोनला सुरू होतो.
चादरीवरून सरकत डावीकडे येतो,
डावा झेलतो, परत पाठवतो.
मध्येच थांबून विचारतात,
"नाडे एदिरा?"
बार्शीहून रात्रपाळीला आलेला सुग्रीव
लेंगा चाचपतो, म्हणतो,
"एकच आहे की आजोबा, आणि घट्ट बांधलाय."

मला कळतं ते काय मागतात.
धोट्याला आमच्या घरात नाडे म्हणायचे.
विणायचं तेलुगूत, हिशेब मराठीत,
शिव्या जी जवळ असेल त्या भाषेत.

शोधायला लागलो.
जुळे सोलापुरातलं हे घर, सात खोल्या, तीन माळे.
पहिल्या माळ्यावर चार मिक्सर, दोघांची चिकटपट्टीही न निघालेली.
चोवीस माणसांचा डिनर सेट; आम्ही चौघं,
एका वेळी टेबलाशी जेमतेम दोघं.
ट्रेडमिलच्या दांडीवर वाळणारे आमच्याच कंपनीचे टॉवेल.
सत्काराच्या शाली. सत्तरनंतर मोजणं सोडलं.
पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून नऊ टाक्या,
त्यातल्या शेवटच्या दोनचं झाकण
वास्तुशांतीनंतर कुणी उघडलेलं नाही.
खोक्यात खोकं, त्यात तिसऱ्याच खोक्याचं बिल.

श्यामला शिडी धरून उभी होती.
"काय हरवलंय ते तरी सांगा."
सांगितलं.
तिनं फोनवर बघून तिथल्या तिथं मागवला:
शिसवी, पॉलिश केलेला, भिंतीवर टांगायचा,
सोबत खिळा फुकट.

कारखान्यात गेलो, अक्कलकोट रोडला.
दिवसाला चार हजार टॉवेल निघतात आणि एक धोटा नाही.
रेपिअर मागाला तो लागतच नाही.
राजेशम जॉबर हात पुसत म्हणाला,
"भंगारात गेले मालक, दोन पोती. किलोवर.
पावतीवर सही तुमचीच आहे."

दाजी पेठेत आमची एक खोली होती, दहा बाय बारा.
त्यातली आठ बाय सहा मागाचीच.
नायना कमरेपर्यंत खड्ड्यात,
अम्मा दाराशी कांड्या भरत,
आणि मी उरलेल्या जागेत, म्हणजे कुठेही.
एकदा ताण्यात हात घातला.
पावडी दाबून त्यांनी दाखवलं:
अर्धे धागे वर गेले, अर्धे खाली,
मध्ये बोटभर रिकामं.
"ती त्याची वाट आहे. तिथं काही ठेवायचं नसतं."
शहाणपण म्हणून नव्हते सांगत.
माझं बोट चिमटलं होतं आणि मी रडत होतो,
शिवाय शनिवारपर्यंत दोन लुगडी द्यायची होती.

शिसवी धोटा आला.
नायनांनी वास घेतला, अंगठ्यानं पोटातली पोकळी शोधली.
पोकळी नव्हती. लाकूड आरपार भरीव.
त्यांनी तो सुग्रीवकडे दिला,
पाहुण्याला चहाचा कप परत द्यावा तसा.

काल रात्री सुग्रीवला घरी जा म्हटलं.
दोन वाजले. हात निघाला आणि उशीला थडकला.
मी ती उशी काढली.
पुढची काढली. मग लोड,
मग गरम पाण्याची पिशवी, रिमोट,
डॉक्टरांची फाईल,
जरीकाठाची ती चादर, जी आम्ही परदेशात पाठवतो
आणि जिच्यात त्यांना घाम येतो.
एकेक वस्तू निघाली तसा हात लांब जाऊ लागला.
खाली नुसती सुती पासोडी राहिली.

मी पलंगाच्या कडेला बसलो, तळहात उघडे ठेवून.
त्यांचा हात आला.
त्यात काही नव्हतं. वेग होता.
झेलला.

"पंपुरा," नायना म्हणाले. पाठव की रे.

मे महिन्यातल्या त्या पहाटेपर्यंत
मी प्रयत्न करत होतो.
झेलणं जमतंय.
पाठवताना माझी मूठ आपोआप मिटते.