वीस पावलं

नगरपालिकेनं परवाना नाकारला.
कारण लिहिलं एकाच शब्दात: रहदारी.
जॉर्जियातल्या आमच्या त्या गावात
तेव्हा मोटारी होत्या एकोणीस,
त्यातल्या दोन बंद पडलेल्या.

शाळेच्या मिस टिबेटनी नियम दोनदा वाचला:
तिघं किंवा अधिक मिळून चालतील, तर तो जमाव.
चष्मा पुसत म्हणाल्या,
"मग मिळून नको. पण चालायचंच."

तसे निघालो,
पेंडीच्या गिरणीपासून कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत,
एकेक जण, मध्ये वीस पावलं मोकळी,
जणू दोरीवर लांब लांब वाळत घातलेले कपडे.
(कपड्यांचंच सुचणार मला. हयात गेली इस्त्रीत.)
कुणी बोलत नव्हतं.
डेप्युटी फुटपाथवर मोजायची टेप घेऊन उभा,
मधूनच वाकून अंतर घ्यायचा,
मान हलवायचा, जाऊ द्यायचा.

माझा नंबर सत्तावन्न.
माझ्यापुढे सीफस रड, गावाचे कबर खणणारे,
रविवारचा कोट, बुटाच्या तळाला पुठ्ठा.
खिळ्यामोळ्यांच्या दुकानापाशी ते थांबले.
दिव्याच्या खांबाला हात टेकला,
आणि तिथंच राहिले.

मिस टिबेटनी आमच्याकडून घटना पाठ करून घेतली होती.
शांततेने एकत्र जमण्याचा हक्क, असं आहे तीत.
किती पावलांवरून, ते नाही.

पंधरा. नऊ. चार.
थांब, असं माझ्या डोक्यानं सांगितलं,
पायांना ते ऐकू आलं नसावं.
मी त्यांचं कोपर धरलं.
कोटाच्या आत हात काटकीएवढा,
आणि तापलेला.
मागून लूडी येत होती.
तीही थांबली नाही.

"तीन," डेप्युटी म्हणाला.
टेप खट्कन आत गेली.

रात्री कोठडीत कागद आला.
सीफसना वाचता येत नव्हतं.
म्हणाले, "काय लिहिलंय गं?"
बेकायदा जमाव, असं लिहिलं होतं, टाइप करून,
खाली आमची तीन नावं, माझं चुकीचं.
मी म्हटलं,
"लिहिलंय की तुम्हाला दम लागला,
आणि तेव्हा तुम्ही एकटे नव्हता."

बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, खरंच आहे ते.
आणि जरा वेळानं:
"पण खेचराला दाणा कोण घालेल आता?"