हुंकार

रोहुक्युला बंदरात फेब्रुवारी.
समुद्र अर्धा पाणी, अर्धा काच.
ऑफिसात मारिका, पायात आईचे लोकरी मोजे,
कॉफी केव्हाची निवलेली.

आधी असं होतं :
बेटावरचा एकूण एक पडदा
दर पाच सेकंदांनी विचारायचा,
बोट सुटली का?
नाही.
सुटली का?
नाही.
सुटली?
वादळाच्या एका दुपारी चार लाख वेळा 'नाही' म्हणून
सर्व्हर आडवा झाला,
आणि बोट नेमकी तेव्हाच सुटली.

तिचे वडीलही असेच. आई यायची असली की
बंदरावर फोनवर फोन.
तिकीटबाई एकदा वैतागून म्हणाली होती,
'एंडेल, फोन खाली ठेव.
निघाली की मीच करीन.'

तेवढंच लिहायचं होतं मारिकाला.
तीन आठवडे लागले.

आता पान एकदाच दार ठोठावतं
आणि दार मग लागतच नाही.
दोन्हीकडे गप्प.
घडलं काही, तर सर्व्हर आपणहून बोलेल.

पण फार वेळ गप्प राहिलेली लाइन
मधली यंत्रं मेली समजून कापून टाकतात,
म्हणून दर तीस सेकंदांनी
ती पाठवते एक विसर्ग,
मागे अक्षर नसलेला.
गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यावा तसा हुंकार,
फक्त इथे तो सांगणाराच देतो.

साडेनऊला शेवटची बोट लागली.
कनेक्शनं मिटत गेली :
तीनशे बारा, चाळीस, चार.
एक उरलं. क्याइना गावातलं.
मध्यरात्र. दोन. साडेतीन.
वेळेची मर्यादा घालायला एक ओळ पुरली असती.
तिनं ती लिहिलीही.
मग खोडली.

सहाला आठ कमी असताना बर्फ फोडत बोट सुटली.
तिनं कळ दाबली, आणि दोन मिनिटांत फोन वाजला.

'हेल्दुर बोलतोय. पोचलं तुमचं.'
'कुणी येतंय का तुमचं बोटीवर?'
'छे. चाळीस वर्षं मी तिचे दोर बांधले.
ती कुठे आहे ते ठाऊक असलं
म्हणजे पाठ टेकवते.'

मग जरा थांबून,
'ते हिरवं टिंब रात्रभर तेवत होतं,
ते काय सांगत होतं?'

मारिकानं खिडकीबाहेर पाहिलं.
'काही नाही,' ती म्हणाली.

'हं,' हेल्दुर म्हणाला.
दोघांनीही फोन ठेवला नाही.